बटरची संकष्टी

“लवकर ये. आणि हळू ये. पैंजण वाजवू नकोस.”

माझ्या पायांत पैंजण नव्हते. लग्नातले होते ते मोडून मिक्सर घेतला, त्याला जमाना झाला. आमच्या ह्यांच्या ते कधी लक्षात आलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. भगर निवडायची तशीच ठेवून मी देवघराशी गेले.

देवघरासमोरच्या पाटावर बटर बसला होता. मान वर, डोळे गणपतीवर. पापणी हलत नव्हती. तोंडातून लाळेची बारीक तार लोंबत होती.

“ध्यान लागलंय,” हे कुजबुजले. “मघापासून असाच आहे. संकष्टीचा दिवस कळतो बघ मुक्या जनावराला.”

“लाळ गळतेय की हो त्याची.”

“समोर मोदक आहेत. तुझी नाही गळत?”

बटर हा आमचा फेरेट. मुंगसाच्या चुलतभावासारखा दिसणारा, लांबुळका, बेकरीत चहाबरोबर खायचे कडक बटर मिळतात ना, त्या रंगाचा. डोळ्यांभोवती काळा पट्टा. दिवसातला बराचसा वेळ झोपायचा आणि उरलेल्या वेळात मोजे चोरायचा. आमची मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. ‘आमच्याकडे फेरेट आहे’ म्हटलं की लोक विचारायचे, “रक्ताच्या रिपोर्टात फेरिटिन असतं तेच ना? वाढलंय की कमी झालंय?”

बटर खरा आमच्या निनादचा. ह्यांचं एका मोठ्या हॉस्पिटलसमोर औषधांचं दुकान. सगळं आयुष्य डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेलं. आपल्या मुलाचं अक्षर तसंच व्हावं एवढीच त्यांची इच्छा. निनाद पुण्याला मेडिकलला गेला. दुसऱ्या वर्षी सुट्टीत आला तो एका हातात बॅग, दुसऱ्या हातात हा प्राणी. जेवता जेवता म्हणाला, “मला मेडिकल नाही करायचं. बेकर व्हायचंय. जर्मनीत शिकायला जातोय.”

हे म्हणाले, “पाव भाजायला?”

तो म्हणाला, “हो.”

एवढंच झालं. आमच्या घरात भांडणं लांबत नाहीत, अबोले लांबतात. निनाद गेला, जाताना पिंजरा माझ्या हातात देऊन गेला, आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तो फोन मात्र रोज करायचा. म्हणायला बटरसाठी. मी बटरला फोनपुढे धरायचे आणि मागून हे आवाज चढवून बटरशीच बोलायचे. “बटर, तिकडं थंडी पडलीय म्हणे. कुणी कानटोपी घालतं का विचार की.” तिकडून उत्तर यायचं, “बटर, म्हणावं घालतोय.” मी मधे फोन धरून उभी, पोस्टाच्या पेटीसारखी. टाकणाऱ्यानं टाकावं, काढणाऱ्यानं काढावं, पेटीला कुणी काही विचारत नाही. पण मला पुरतं ठाऊक होतं की हे सगळं त्या किलोभर वजनाच्या जिवावर चाललंय. त्याला काही झालं तर ह्या दोघांना बोलायला निमित्त उरणार नव्हतं. आणि बटर पाच वर्षांचा झाला होता. फेरेटांत पाच म्हणजे आपल्यातली साठी उलटलेली.

सुरुवातीला ह्यांनी त्याला हातही लावला नाही. “उंदराला मोठं केलंय नुसतं,” म्हणायचे. मग एक दिवस बघितलं तर पेपर वाचत बसलेत आणि सदऱ्याच्या बाहीतून बटरचं तोंड बाहेर. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बाहीतून काढून टाकला असता.

संकष्टीला आमच्याकडे मांसमच्छी घरात येत नाही. बटरला तर मांसच लागतं, दुसरं काही पचत नाही. म्हणून तह झाला होता: संकष्टीला त्याचं उकडलेलं चिकन गॅलरीत, वेगळ्या ताटलीत, देवघराकडे पाठ करून. त्या दिवशी सकाळी मी डबा काढायला फ्रीज उघडला तर हे म्हणाले, “राहू दे. त्याचं खाणं झालंय. मी बघितलंय ते.”

मला बरं वाटलं. हे आपणहून चिकनला हात लावतात म्हणजे प्रगतीच. लग्नसराई होती, फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग पडला होता. मी मशिनवर बसले.

ते ध्यान बघून मी परत मशिनवर येऊन बसले होते, दुपार कलली तेव्हा आतून आवाज आला. रबरी खेळण्यावर पाय पडावा तसा, पण लांबलेला. मी धावले. बटर पाटाशेजारी आडवा पडला होता. अंग काठीसारखं ताठ, मान मागं, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलत होते. तोंडाला फेस.

“अहो!”

हे आले, बघितलं आणि जागच्या जागी फिरून स्वयंपाकघरात पळाले. परत आले ते कांदा घेऊन. उपासाच्या दिवशी कांद्याच्या टोपलीकडे न बघणारा माणूस, कांदा बुक्कीनं फोडून बटरच्या नाकाशी धरून बसला.

“हुंग, हुंग बाळा.”

बाळा हा शब्द मी टिपून ठेवला, पण तेव्हा बोलायची वेळ नव्हती.

“अहो, कांद्यानं काय होतंय!”

“मग चप्पल आणू? कातडी आहे माझी.”

दार उघडंच होतं. समोरच्या पाटोळे सिस्टर आत आल्या. चाळीस वर्षं नर्सची नोकरी, निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच. “कोण ओरडलं? पेशंट कुठाय?”

मी खाली बोट दाखवलं.

“अगंबाई. ह्याला?” पण सिस्टर क्षणभरच थांबल्या. “गर्दी नको. पंखा बंद करा. चमचा आणा, जीभ चावेल.”

हे चमचा आणायला पळाले आणि त्याच वेळी फोन वाजायला लागला. निनादचा. त्याची बेकरीतली पाळी ह्या सुमाराला संपायची.

मी बटरभोवती टॉवेल गुंडाळत होते, त्याचं डोकं फरशीवर आपटत होतं. “उचला फोन.”

“तू उचल.”

“माझे हात बघा की!”

“सिस्टर, तुम्ही उचला.”

“मी पेशंट सोडणार नाही,” सिस्टर म्हणाल्या.

फोन वाजत राहिला. ह्यांच्या एका हातात कांदा, दुसऱ्या हातात आमटीचा डाव. चमचा सापडला नव्हता. त्यांनी कांदा सदऱ्याच्या खिशात घातला आणि फोन घेतला. बटण नीट दाबलं, पण धरला इतका जवळ की तिकडं निनादला बापाच्या नाकपुडीशिवाय काही दिसलं नसणार.

“बटरला फिट आलीय,” हे नाकपुडीतूनच म्हणाले.

मग निनादचा आवाज, एकदम मोठा. “कॅमेरा फिरवा. त्याच्यावर धरा. आई, घट्ट धरू नकोस, नुसता आपटू देऊ नकोस. ते काय आहे हातात?”

“डाव.”

“कशाला?”

“तोंडात घालायला. सिस्टर म्हणाल्या.”

“तोंडात काही घालायचं नाही! पाणी नाही, चमचा नाही, काही नाही! सिस्टर, सॉरी.”

“आमच्या वेळी घालायचो,” सिस्टर म्हणाल्या आणि डाव काढून घेतला.

“मध आहे का घरात? मध आणा. बोटानं नको, कापसाच्या काडीनं हिरड्यांना बाहेरून लावा. घशात ओतू नका. साखर उतरलीय त्याची.”

मध होता. खोकल्याचा, गेल्या थंडीतला. झाकण असं बसलेलं की बाटली आणि झाकण एकाच दिवशी जन्मली असावीत. ह्यांनी पिळलं, मी पिळलं, ह्यांनी सदऱ्यात धरून पिळलं. खिशातल्या कांद्याचा मात्र चेंदा झाला. शेवटी सिस्टरांनी बाटली हिसकावली, तळावर एक थापड मारली आणि फिरवली. उघडली.

“सलाईनच्या बाटल्या उघडल्यात मी,” त्या म्हणाल्या.

“बाबा, लवकर!”

मी मान वर करून बघितलं. निनाद ‘बाबा’ म्हणाला होता. ह्यांनीही ऐकलं असणार, पण ते कापसाची काडी शोधत होते. कान कोरायच्या काड्या ह्यांच्या कपाटात असतात आणि त्या कपाटात ह्यांना कधी काही सापडत नाही. ते तसेच परत आले, गुडघ्यांवर बसले आणि करंगळी मधात बुडवून बटरच्या ओठाखाली घातली.

“बोट नको म्हटलं होतं ना! बोट आत घालू नका!”

“आत कुठं, बाहेरूनच— आई गं!”

बटरचे दात करंगळीत बसले. फेरेटाचे दात म्हणजे शिवणाच्या सुया.

“काढा, काढा बोट!” मी ओरडले.

“थांब. ओढलं तर त्याचा जबडा दुखावेल.” घामानं कपाळ ओलं, डोळ्यांत पाणी, पण हात हलवला नाही. “चावतोय म्हणजे जिवंत आहे. चावू दे.”

निनाद तिकडून बघत होता.

हळूहळू पाय थांबले. अंग सैल पडलं. जबडा सुटला. बटरनं जीभ बाहेर काढली, ओठांवरचा मध चाटला, मग ह्यांच्या करंगळीवरचंही चाटलं. त्यात मध किती आणि रक्त किती कोण जाणे. सिस्टर ह्यांच्याकडे वळल्या. “धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंय तुम्हाला. आजच. हलगर्जीपणा चालणार नाही.”

“आता मला खरं सांगा,” निनाद म्हणाला. “सकाळपासून काय खाल्लं त्यानं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी फोन माझ्याकडे करायचा प्रयत्न केला. मी दोन्ही हात बटरखाली घालून ठेवले.

“राजगिऱ्याचा लाडू,” हे म्हणाले.

“काय?”

“अर्धाच. आणि केळं. आणि एक खजूर, बी काढून.”

“आणि चिकन?”

“आज संकष्टी आहे.”

“मग?”

“मग काय? उपास होता.”

“कुणाचा?”

“त्याचा.”

“त्याला उपास कुणी सांगितला?”

“मी.” हे फोनकडे न बघता बोलत होते. “घरात राहतो. घरच्यांचा उपास आहे म्हटल्यावर त्याला एकट्याला गॅलरीत बसवायचं, देवाकडे पाठ करून? तो काय परका आहे?”

“बाबा, तो फेरेट आहे! दर तीन-चार तासांनी मांस लागतं त्याला!”

“मला काय माहीत! तू मला सांगितलंस कधी?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मी टॉवेलच्या घड्या नीट करत बसले. सिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

“आधी डॉक्टरकडे न्या त्याला,” निनाद खालच्या आवाजात म्हणाला. “फोन चालू राहू दे.”

मिरजेत मेंदूचे डॉक्टर चार पावलांवर मिळतात. जनावरांचा डॉक्टर शोधायला गावाच्या टोकाला जावं लागतं. आम्ही रिक्षा केली. बटर माझ्या मांडीवर, टोपलीत. हे शेजारी, हात लांब करून फोन बटरवर धरलेला. रिक्षा वळली की फोन वळायचा आणि तिकडं निनादला रस्ता दिसायचा.

“हा बसस्टँडचा रस्ता ना?” तो म्हणाला.

“नाही, मागचा. तिथं खोदलंय.” मग ह्यांनी फोन जरासा बाहेर वळवला. “हे बघ. तुझी शाळा. रंग दिलाय. जांभळा.”

“शी.”

“सगळे तेच म्हणतात.”

दवाखान्याबाहेर एक म्हैस उभी होती. तिचा नंबर आमच्या आधी होता. तिच्या मालकानं टोपलीत डोकावून बघितलं. “मुंगूस का वो?”

“फेरेट,” हे म्हणाले.

“काय हुतंय त्याला?”

“साखर उतरली.”

“जावा तुम्ही फुडं. आमची म्हस काय, हुबीच ऱ्हाती.”

डॉक्टर शिरगुप्पे म्हणजे बाह्या कोपरापर्यंत सरसावलेला आडदांड माणूस. त्यांनी टोपलीत बघितलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा टोपलीत. “स्पष्ट सांगतो, मी म्हशींचा माणूस. पण रक्तातली साखर ती साखर, कुणाची का असेना.” पंजाला टोचून थेंब काढला, यंत्रावर घेतला. आकडा बघून भुवया चढवल्या. “मध लावलात म्हणून इथवर आला.”

मग ते बराच वेळ निनादशी इंग्रजीत बोलले. निनादनं तिथल्या कुठल्याशा प्राण्यांच्या डॉक्टरलाही विचारून ठेवलं होतं. आमच्यासाठी शिरगुप्प्यांनी मराठीत सांगितलं. ह्या वयाच्या फेरेटांना बहुतेक वेळा पोटात, स्वादुपिंडात, बारीक गाठ होते. ती नको तितकं इन्सुलिन सोडते. गोड दिलं की आणखीच सोडते, मग साखर वर जाऊन धाडकन खाली. “पुण्याला नेऊन सोनोग्राफी करा. गोळी लिहून देतो, ती रोज. मांस दर तीन-चार तासांनी. मध फक्त झटका आला तर. लाडू, केळी, खजूर अजिबात नाही. किती दिवस देत होता?”

“रोज थोडंसं,” हे म्हणाले. “दुकानातून आल्यावर. वाट बघायचा तो.”

हे मलाही नवीन होतं.

“डॉक्टर,” ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तो देवघरासमोर बसायचा. एकटक बघत. पाप पुण्य कळतं त्याला असं मला... म्हणजे ते काय होतं?”

“साखर उतरली की तसे बघत राहतात. लाळ गळते, मागचे पाय ओढतात. भान नसतं त्यांना.”

“म्हणजे ध्यान नव्हतं ते.”

“नाही.”

ह्यांनी मान हलवली. शिरगुप्पे गोळी लिहीत होते तोवर हे फोनकडे बघत उभे होते. फोनमध्ये निनाद, डोक्यावर कापडी टोपी, एप्रनला पीठ. इतके दिवस रोज फोन येत होता, पण हे मागं उभे राहायचे. त्यांनी त्याला नीट बघितलं ते मला वाटतं तेव्हाच.

“डोक्यावर काय आहे ते?”

“टोपी. पिठात केस पडू नयेत म्हणून.”

“हं. दिवसभर उभं राहूनच काम?”

“हो.”

“पोटऱ्या धरत असतील. लांब मोजे मिळतात, पोटऱ्यांपर्यंतचे, दाबून धरणारे. दुकानात ठेवतो मी. पाठवू?”

“पाठवा.”

“माप काय?”

निनादनं माप सांगितलं. ह्यांनी ते शिरगुप्प्यांच्या चिठ्ठीच्या मागं लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी आधी देवघराची दारं लावून घेतली. मग ओट्यावर चिकनचा डबा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तुकडे केले, पट्टी बांधलेली करंगळी वर धरून. चंद्रोदय व्हायचा होता, ह्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून निनाद सांगत होता, “अजून बारीक. अजून. बाबा, अहो तो काय मगर आहे का?”

“तू ह्यात पडू नकोस. तू पाव बघ.”

हे ‘पाव’ म्हणाले आणि मी श्वास धरला. पण निनाद हसला. बराच वेळ हसत होता.

बटर त्यानंतर वर्षभराहून जास्त जगला. गोळी ह्यांच्या दुकानातली, पहाटेचं चिकनही ह्यांच्याकडेच. दोन-तीनदा झटके आले, पण आता काड्या हाताशी असायच्या आणि ह्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. पाटोळे सिस्टर बटरला ‘माझा पेशंट’ म्हणायच्या.

मग एका सकाळी मी उठून बघितलं, तर माझ्या जुन्या परकराच्या झोळीत बटर निजला होता तो निजलेलाच. हात लावला आणि कळलं. घरात हे नव्हते. दूध आणायला गेले असतील म्हणून मी खुर्चीत बसून राहिले. रडू नंतर येणार होतं. आधी भीती वाटली. आता निनादचा फोन कशासाठी येणार? ह्या दोघांना मी पुन्हा कुठलं निमित्त आणून देऊ? ह्यांना कळण्याआधी निनादला सांगावं, जरा जपून, म्हणून त्याला फोन लावला.

बिझी.

पुन्हा लावला. बिझी. तिकडं अजून उजाडलंही नव्हतं.

जिन्यातून आवाज आला म्हणून दार जरा उघडलं. खालच्या वळणावर हे पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ, दुधाची पिशवी बाजूला, फोन कानाला.

“शांत गेला रे. झोपेतच. मी चिकन घेऊन गेलो तेव्हा... हो. नाही, त्रास नाही झाला.” मग बराच वेळ ते ऐकत राहिले. “तू रडू नकोस. हे बघ, आईला अजून उठवलं नाही मी. तिला नाही सोसायचं. तिचा फार जीव होता. मला नाही जमणार सांगायला. तूच सांग तिला. तू नीट सांगशील.”

मी दार आवाज न करता लावलं. आत येऊन पुन्हा खुर्चीत बसले, तोंड पुसलं.

थोड्या वेळानं फोन वाजला.

“आई,” निनाद म्हणाला, “झोपेतून उठलीस ना? बसली आहेस का? जरा बस बघू.”

“आत्ताच उठतेय,” मी म्हटलं. “बसले. बोल.”